कुत्र्यांच्या वाटणीची कलेजी

माझी थोरली जाऊ मटण विकते. असं सांगितलं की ऐकणारा हमखास म्हणतो, "म्हणजे दुकान त्यांच्या यजमानांचं असेल." होतं. पण थोरल्या भावोजींना रक्त बघितलं की घेरी यायची. खाटकाच्या घरात जन्म घेऊन माणसानं असलं नशीब आणावं! ते बिचारे काट्यामागे बसायचे, पैसे घ्यायचे आणि गिऱ्हाइकाच्या तोंडाकडे बघायचे, मटण कापायच्या ओंडक्याकडे चुकूनही नाही. सत्तूर चालवायच्या जाऊबाई. नवी नवरी कापायला उभी राहिली तेव्हा सासऱ्यांनी घर डोक्यावर घेतलं होतं म्हणे. "बाईमाणसानं कापलेलं घेणार कोण?" जाऊबाईंनी बाह्या वर सारल्या आणि म्हणाल्या, "मग तुमच्या मुलाला कापू द्या. आधी त्याला उठवा मात्र, तो तिकडे आडवा पडलाय." त्यानंतर सासरे या विषयावर बोलले नाहीत.

मी धाकटी जाऊ म्हणून घरात आले तोवर लोक गल्लीतली बाकीची दुकानं ओलांडून आमच्याकडे यायला लागले होते. भावोजी गेले आणि काट्यामागची त्यांची जागा माझ्याकडे आली. आमचे हे बाजारातून मेंढ्या आणतात, जाऊबाई कापतात, मी तोलते. जाऊबाईंशी भांडून जिंकलेला माणूस मी अजून पाहिलेला नाही, आणि मी प्रयत्न केले नाहीत असं कुणी समजू नये.

आता ज्यावरून पुढचं सगळं रामायण घडलं ते सांगते. कधीकधी मेंढीच्या कलेजीवर पांढुरके फोड निघतात. आत स्वच्छ पाणी असतं. गल्लीतले बाकीचे दुकानदार फोडाएवढा तुकडा कापून मागच्या दाराने फेकायचे आणि उरलेली कलेजी गुपचूप तोलायचे. जाऊबाईंना ते पटायचं नाही. त्या अख्खी कलेजी उचलायच्या, रांगेतल्या गिऱ्हाइकांच्या नाकासमोर धरायच्या आणि म्हणायच्या, "बघून घ्या. असला माल या दुकानात विकला जात नाही." आणि मागे वळूनसुद्धा न बघता खांद्यावरून ती मागच्या दारातून अंगणात भिरकावायच्या. तिथे कुत्री टपलेलीच असत. नेम एकदाही चुकला नाही. गिऱ्हाईक खूश, कुत्री खूश, जाऊबाई तर विचारूच नका. आमच्या दुकानाचं नाव झालं ते त्या भिरकावण्यामुळे. नवी माणसं खास तेवढं बघायला थांबायची.

मागच्या अंगणात कुत्र्यांचा म्होरक्या होता जमादार. एक कान फाटलेला, पण रुबाब असा की जणू अंगणाचा सातबारा त्याच्या नावावर आहे. दुपारी दुकान आवरलं की जाऊबाई पायरीवर बसून एका हातानं जमादारची मान खाजवायच्या आणि दुसऱ्या हातानं पावाचा तुकडा चहात बुडवून खायच्या. मध्येच हात बदलायच्या. शेजारच्या शिंप्याच्या दुकानाचं मागचं दारही त्याच अंगणात उघडतं. त्यांची चिमणी शाळेतून आली की दप्तर फेकून थेट जमादारच्या गळ्यात पडायची. कुणाला त्यात वावगं दिसलं नाही. मलाही नाही.

मग जाऊबाईंच्या उजव्या बरगडीखाली दुखायला लागलं. त्यांनी ते पित्तावर ढकललं. पोट फुगलं तेव्हा वयावर ढकललं. एका आगाऊ गिऱ्हाइकानं विचारलं, "मावशी, या वयात गोड बातमी की काय?" तर त्याला म्हणाल्या, "हो, बारशाला तूच कापायला ये." पण एक दिवस सत्तूर उचलला आणि तसाच खाली ठेवून त्या भिंतीला टेकल्या. ओठ पांढरे पडले होते. त्यांना रिक्षात कोंबून मी दवाखान्यात नेलं, आणि वाटेत त्यांनी मला जे काही ऐकवलं ते इथे लिहिण्यासारखं नाही.

पोटाच्या तपासणीत दिसलं की आत पाण्यानं भरलेली पिशवी आहे, लहान मुलाच्या डोक्याएवढी. भरती करून घेतलं. ऑपरेशन करणारी डॉक्टरीणबाई वयानं माझ्या भाचीएवढी असेल. खाटेच्या कडेला बसून शांतपणे म्हणाली, "मावशी, तुमच्या यकृतात गाठ आहे."

"यकृत म्हणजे कलेजी ना?" जाऊबाई म्हणाल्या. "मग कलेजी म्हणा की. रोज हातात असते माझ्या."

डॉक्टरीणबाई हसली. मग तिनं विचारलं, "कुत्र्यांचा लळा आहे का?"

"आहे. माणसांपेक्षा बरा लागतो."

"हा आजार कुत्र्यांकडून येतो. त्यांच्या आतड्यात एक बारीक किडा असतो. त्याची अंडी विष्ठेतून बाहेर पडतात, केसांना चिकटतात, मातीत मिसळतात. आपण कुत्र्याला हात लावतो आणि तोच हात तोंडात जातो. मग ती अंडी कलेजीत नाहीतर फुप्फुसात जाऊन पिशवी करून बसतात आणि वर्षानुवर्षं वाढत राहतात."

"माझा जमादार आजारी नाही. घोड्यासारखा आहे."

"कुत्र्याला काहीच होत नाही, मावशी. तेच तर वाईट."

"आणि कुत्र्याच्या पोटात तो किडा जातो कुठून?"

"मेंढीकडून. मेंढीच्या कलेजीत असेच पाण्याचे फोड असतात. ती कच्ची कलेजी कुत्र्यानं खाल्ली की किडा त्याच्या पोटात जातो."

मी जाऊबाईंकडे बघितलं. छातीवरची चादर त्यांनी मुठीत धरली होती. मला वाटलं, आता रडतील. छे! त्या म्हणाल्या, "खोटं आहे. मी खराब माल कधी कुणाला दिला नाही. जन्मभर नाही."

"माणसाला दिला नसेल," डॉक्टरीणबाई म्हणाली. आवाजात दोष नव्हता, ती फक्त समजावत होती. "माणसानं खाल्ला असता तर हा आजार झालाही नसता. कुत्र्यानं खाल्ला म्हणून झाला. तुमच्या गल्लीतून तुम्ही पहिल्या आलेल्या नाहीत. मुलांच्या वॉर्डात एक पोरगी आहे, तिच्या फुप्फुसात आहे. मला वाटतं, तुमच्याच शेजारची."

चिमणी खोकल्यानं भरती आहे एवढंच आम्हाला माहीत होतं. मला तर वाटलं होतं, छातीत कफ झाला असेल.

जाऊबाई खाटेवरून उतरल्या. हाताला सलाइन लावलेली, त्याचा दांडा स्वतःच ढकलत निघाल्या. नर्स ओरडली, मी ओरडले. कुणाचं ऐकलं असतं तर त्या जाऊबाई कसल्या? मुलांच्या वॉर्डात खिडकीजवळच्या खाटेवर चिमणी होती, उशीला टेकून बसलेली, खांद्याची हाडं वर आलेली. शिंपीणबाई तिला चमच्यानं भरवत होती.

"मावशी, तुम्हीपण?" शिंपीणबाईचे डोळे भरून आले. "त्या मेल्या कुत्र्यांनी घात केला हो आपला. मी तुमच्या संघटनेच्या अध्यक्षांना सांगितलंय, एकूणएक उचलून न्या. कुत्री धरायची गाडी मागवलीय त्यांनी."

चिमणी जाऊबाईंना म्हणाली, "जमादार काय करतो, आजी?"

"नाव काढू नकोस त्याचं," तिची आई म्हणाली.

जाऊबाईंनी पोरीच्या डोक्यावर हात ठेवायला उचलला आणि मध्येच मागे घेतला. मग दांडा ढकलत परत आल्या. वाटेत एक शब्द बोलल्या नाहीत. मी एवढी घाबरले की त्यांनी मला शिवी तरी घालावी असं मला वाटायला लागलं.

दुसऱ्या दिवशी अध्यक्ष भेटायला आला. हा आमच्या गल्लीतल्या मटणविक्रेत्यांच्या संघटनेचा अध्यक्ष. बायकोसुद्धा त्याला अध्यक्ष म्हणते, आणि त्यानंच तिला ती सवय लावलीय. एरवी उधारीवर हाडूकसुद्धा न देणारा माणूस सफरचंदं घेऊन आला, तेव्हाच मी समजले की काहीतरी काम आहे.

"मावशी, तब्येत सांभाळा," तो स्टुलावर बसत म्हणाला. "आणि एक लक्षात ठेवा, कलेजीचा विषय बाहेर काढायचा नाही. डॉक्टर लोक काय, बोलत असतात. पण गिऱ्हाईक एकदा बिचकलं की आपल्या सगळ्यांची दुकानं झोपतील. मी कुत्र्यांचा बंदोबस्त लावलाय. गाडी आली, कुत्री गेली, विषय मिटला."

"आणि नवी कुत्री आली म्हणजे?"

"ती पण उचलू."

"आणि मी टाकलेल्या कलेजीचं काय?"

"कुणी पाहिलीय ती?"

"सगळ्या गल्लीनं पाहिलीय, मुडद्या," जाऊबाई म्हणाल्या. "मी दाखवून दाखवून टाकायचे."

अध्यक्ष गेला. सफरचंदं राहिली. मी खरं तेच सांगते, मी अध्यक्षाच्या बाजूची होते. मला त्याची लाज वाटत नाही. माझ्या घरात शिकणारी दोन मुलं आहेत, नवऱ्याची पाठ कामातून गेलीय, आणि त्या ओंडक्याशिवाय आमच्याकडे दुसरं काही नाही. मी म्हटलं, "ताई, तुम्ही मुद्दाम केलंत का? नाही ना? तुम्हाला माहीत नव्हतं. गल्लीत कुणालाच नव्हतं. मग कशाला आपणच आपल्या पोटावर पाय द्यायचा?"

"धाकटे," त्या म्हणाल्या, "खराब माल विकत नाही म्हणून इतकी वर्षं मी ताठ मानेनं मिरवले की नाही?"

"मिरवलात. मग?"

"लोक वाहवा करायचे तेव्हा मी म्हटलं का, मला काही माहीत नाही बाबांनो? वाहवा माझी, आणि पोरीचं फुप्फुस मात्र कुत्र्याचं? असला हिशेब मला जमायचा नाही."

मी भांडले. नर्सनं येऊन दोघींना दटावलं इतकी भांडले. आणि अर्थातच हरले.

ऑपरेशनच्या आधी बरेच दिवस गोळ्या झाल्या. मग तो दिवस आला. आत नेताना त्यांनी डॉक्टरीणबाईला सांगितलं, "जपून हं, फोड फुटू देऊ नका."

"मावशी, मी हे आधीपण केलंय," ती म्हणाली.

"करा, करा. मी आपलं सांगून ठेवलं."

पिशवी अख्खी निघाली. शुद्धीवर आल्यावर त्यांनी हट्टच धरला, मला दाखवा. डॉक्टरीणबाईनं बरणी आणली. जाऊबाईंनी ती उजेडात धरली, एका बाजूनं बघितली, दुसऱ्या बाजूनं बघितली. "तोच फोड आहे," म्हणाल्या. एवढंच. मग भिंतीकडे तोंड करून पडून राहिल्या, आणि त्या वेळी मात्र रडल्या. मी पाठ फिरवून थैलीतल्या कपड्यांच्या घड्या करत बसले, कारण मी बघितलेलं त्यांना आवडलं नसतं.

त्या घरी आल्या आणि चारच दिवसांत गाडी आली. पिंजऱ्याची गाडी, तिच्यामागे आरोग्य खात्याचे साहेब, साहेबांमागे कडक इस्त्रीचा शर्ट घालून अध्यक्ष. सगळी गल्ली दारात उभी. शिंपीणबाई सगळ्यांत पुढे. बाकीची कुत्री कधीच पसार झाली होती, पण जमादारला वाटलं आपल्याकडे पाहुणे आलेत. शेपूट हलवत गेला आणि पहिला तोच पिंजऱ्यात पडला. शहाणा म्हणावा तर तो हा असा.

जाऊबाई वरच्या खोलीतून जिना उतरून आल्या, एक हात पोटावर. मी आडवी आले. त्यांनी मला बाजूला केलं नाही, माझ्याकडे नुसतं बघितलं, आणि मी आपोआप बाजूला झाले. जाऊबाई आजारी पडल्यापासून आमचे हेच कसंबसं कापत होते, आणि त्या दिवशी नेमकी एका मेंढीत फोडाची कलेजी निघाली होती. मी ती कुणाच्या नजरेस पडू नये म्हणून फडक्याखाली झाकून ठेवली होती. त्यांनी फडकं उचललं, कलेजी घेतली आणि बाहेर येऊन सगळ्यांसमोर पुढच्या ओंडक्यावर ठेवली.

"सगळ्यांनी बघा," त्या म्हणाल्या. आवाज अजून बारीक होता, पण गल्ली गप्प झाली. "हे फोड. माझ्या पोटातून हेच काढलं. चिमणीच्या छातीत हेच आहे. कुत्रा काही बाजारात जाऊन मेंढी आणत नाही. हे त्याला मी घातलं. तुमच्यासमोर घातलं. तुम्ही माना डोलवत होता आणि मी फुगत होते."

"म्हातारीला बसायला खुर्ची द्या कुणीतरी," अध्यक्ष म्हणाला.

साहेब म्हणाले, "मावशी, कलेजीचं आम्हालाही ठाऊक आहे. ते बघू पुढे. पण आत्ता तक्रार आलीय ती कुत्र्यांची."

"मग माझी पण तक्रार घ्या."

"कुणाविरुद्ध?"

"माझ्याविरुद्ध."

कुणीतरी फिसकन हसलं आणि लगेच थांबलं, कारण शिंपीणबाई पुढे आली होती. तिचा चेहरा बघून मला धडकी भरली. "म्हणजे माझ्या पोरीला हे तुमच्यामुळे झालं?"

"हो," जाऊबाई म्हणाल्या. "मला माहीत नव्हतं. पण हात माझा होता."

शिंपीणबाई आमच्या पायरीवर थुंकली. मी तिच्या झिंज्या उपटायला धावलेच होते, पण जाऊबाईंनी माझं मनगट पकडलं. इतक्या आजारी माणसाच्या हातात एवढी ताकद कुठून आली देव जाणे. त्या तशाच उभ्या राहिल्या, थुंकी पुसली नाही, पुसू दिली नाही.

मग त्या रस्त्यावर उतरल्या आणि गाडीच्या पुढ्यात मांडी घालून बसल्या. साहेबांना म्हणाल्या, "याला औषध द्या आणि सोडा. बाकीच्यांनाही द्या. कुत्री नेलीत तर उद्या दुसरी येतील आणि हीच कलेजी खातील."

"उठा मावशी, टाके उसवतील."

"उसवू देत. मग त्याचं कारण कागदावर काय लिहायचं ते तुम्ही ठरवा."

साहेबांनी अध्यक्षाकडे बघितलं, अध्यक्षानं आभाळाकडे. शेवटी साहेबांनी पिंजरा उघडायला लावला. जनावरांच्या डॉक्टरांचा माणूस येईल, कुत्र्यांना गोळ्या देईल आणि पुढेही देत राहील, असं सगळ्यांसमोर कबूल केलं. जमादार बाहेर आला तो थेट जाऊबाईंकडे. त्यांनी त्याला हात लावला नाही. "लांब हो," म्हणाल्या, "आधी गोळी खा."

इथवर सांगितलं की लोक म्हणतात, वा, काय बाई आहे! आणि निघून जातात. मागे राहिलो आम्ही. दुसऱ्या दिवसापासून आमच्या दुकानात माशी फिरकेना. माझ्या आयुष्यात मी काट्यामागे इतकी रिकामी कधी बसले नव्हते. सगळ्यांच्या मेंढ्या एकाच बाजारातून येतात, एकाच रानात चरलेल्या असतात, पण रोगट ठरलं ते आमचं एकट्याचं दुकान. अध्यक्षाच्या दुकानापुढे रांग. तो गिऱ्हाइकांना सांगत असे, "माझ्याकडे तसली कलेजी निघतच नाही." त्याच्या मागच्या दाराशी कुत्री भांडत असायची, त्यांना विचारा म्हणावं.

जाऊबाईंनी काय करावं? दुकानाच्या पुढे, रस्त्यावरून दिसेल असा, चुलीवर पत्र्याचा डबा चढवला. फोडाची कलेजी निघाली की त्यात घालून रटारटा उकळायच्या, मग मागे खोल खड्ड्यात पुरायच्या. डॉक्टरीणबाईनं सांगितलेलं सगळं तंतोतंत. वास असा सुटायचा की आमची मुलंसुद्धा पलीकडच्या बाजूनं घरी यायची. मी म्हटलं, "ताई, निदान मागच्या बाजूला तरी उकळा." त्या म्हणाल्या, "टाकताना पुढून दाखवलं ना? मग उकळतानापण पुढूनच." माझं डोकं असं फिरलं की मी तेव्हा काटा उचलून डब्यात टाकणार होते.

एकदा अध्यक्षानं मला गल्लीच्या तोंडाशी गाठलं. "धाकटे, तू तरी शहाणी हो," तो म्हणाला. "लोकांना एवढंच सांग की भुलीच्या औषधानं म्हातारीच्या डोक्यावर परिणाम झालाय. त्या दिवशी काहीबाही बोलली. वयस्कर माणसांचं होतं तसं. लोक विश्वास ठेवतील, मी पण दोन शब्द टाकतो. महिन्याभरात तुमचं गिऱ्हाईक परत येईल." सरळ नाही म्हणून टाकलं असं सांगायला मला आवडलं असतं, पण मी गप्प राहिले आणि घरी येऊन त्यावर खूप विचार केला. मुलांची फी भरायची होती. आणि खोटं तरी किती छोटं! जाऊबाईंना कळलंही नसतं.

मग तो दिवस आला. जाऊबाई दवाखान्यात तपासणीला गेल्या होत्या, आमचे हे त्यांच्यासोबत. मी एकटीच दुकानात. डबा विझलेला, आकड्यावर अर्धी मेंढी तशीच लटकलेली. आणि समोरून शिंपीणबाई आली. चिमणी घरी आली होती असं कानावर होतं, पण तिची आई थुंकून गेल्यापासून आमच्याकडे बघतही नव्हती. तिच्यामागे चार बायका येऊन थांबल्या, ऐकायला. अध्यक्षानं त्याच्या दुकानातून मान बाहेर काढली.

"तुझी जाऊ नाही ना आत?" शिंपीणबाईनं विचारलं.

"नाही."

"मग तूच सांग. अध्यक्ष म्हणतात, भुलीनं तिचं डोकं फिरलंय, त्या दिवशी ती भ्रमात बोलली. खरं का हे?"

गल्लीच्या त्या टोकावरून अध्यक्ष माझ्याकडे बघत होता. मान किंचित हलवलीसुद्धा त्यानं, म्हण म्हणून. एक 'हो' पुरे होता. चार बायका साक्षीला होत्या, दुपारपर्यंत गावभर झालं असतं. मला मुलं आठवली. आणि खरं सांगते, त्याच वेळी मला राग आला. जाऊबाईंचा नाही, शिंपीणबाईचाही नाही. त्या माणसाच्या मानेचा आला. माझ्या घरातल्या बाईला वेडी ठरवायचं, आणि तेही माझ्या तोंडून?

"डोकं ठिकाणावर आहे त्यांचं," मी म्हटलं, आणि त्याला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं म्हटलं. "तुमच्या-माझ्यापेक्षा जास्त ठिकाणावर आहे. त्या बोलल्या ते सगळं खरं. कलेजी आम्हीच टाकायचो. त्या टाकायच्या आणि मी इथे बसून बघायचे."

शिंपीणबाई माझ्याकडे बघत राहिली. तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं, मलाही नको होतं. "मी तुमच्याकडून या जन्मात काही घेणार नाही," ती म्हणाली.

"नका घेऊ. तुमचा हक्क आहे. पण पोरीला अंगात ताकद यायला मटण तर लागणारच. ज्याच्याकडून घ्याल त्याला पैसे देण्याआधी एवढंच विचारा, फोडाची कलेजी निघाली की तू कुठे टाकतोस? आणि तो सांगेल ते ऐकून घेऊ नका. मागचं दार उघडायला लावा."

ती वळली. घराकडे जाईल असं मला वाटलं, पण ती सरळ अध्यक्षाच्या दुकानावर गेली. रांग बाजूला सारून पुढे उभी राहिली आणि तिनं विचारलं. शिंपीणबाईचा आवाज शिलाई मशिनीच्या खडखडाटावरून गिऱ्हाइकाशी बोलून कमावलेला आहे. गल्लीच्या दोन्ही टोकांना गेला.

"ताई, आमच्याकडे तसली निघतच नाही," अध्यक्ष म्हणाला.

"मागचं दार उघड."

"अहो, आत पसारा आहे..."

"माझ्या पोरीच्या छातीचा निम्मा तुकडा काढलाय. दार उघड."

तो हलला नाही, म्हणून ती स्वतःच काट्याच्या बाजूनं आत शिरली आणि तिनं कडी काढली. मागे तीन कुत्री एका कलेजीवर तुटून पडली होती. रांगेतल्या सगळ्यांना दिसलं. रांगेतल्या पहिल्या माणसानं काट्यावरचं आपलं मटण तसंच सोडलं आणि तो चालू लागला. दुसरा त्याच्यामागे. शिंपीणबाई बाहेर आली आणि त्याच्या शेजारच्या दुकानात गेली. तिथेही तोच प्रश्न. मग त्याच्या पुढच्या दुकानात. आता त्या चार बायकापण तिच्यासोबत होत्या आणि मध्येच तिच्याआधी विचारत होत्या. एकाकडून दुसऱ्याकडे, एक दुकान सुटलं नाही. शेवटच्या दुकानातला म्हातारा तर त्या यायच्या आधीच हातात पत्र्याचा डबा घेऊन चूल शोधत होता.

मी काट्यामागे उभी राहून सगळं बघितलं.

जाऊबाई परत आल्या तेव्हा गल्लीत बाचाबाची चालूच होती. मी त्यांना सगळं सांगितलं, अध्यक्षाचं बोलणं, माझं गप्प राहणं, आणि आजचं. त्यांनी मध्ये एकदाही अडवलं नाही. मग विचारलं, "आपल्याकडून काही घेतलं का तिनं?"

"नाही. म्हणाली, या जन्मात नाही."

"बरं केलं तिनं," जाऊबाई म्हणाल्या, आणि डब्याखाली जाळ घालायला वाकल्या.